अंकाचे पैसे कोण भरतो?

मुलुंड पश्चिमेस किंवा घाटकोपरच्या राजावाडी भागात ज्या डॉक्टरांचा दवाखाना तीस-चाळीस वर्षे एकाच जागी आहे, त्यांच्या टेबलामागे, औषधकंपनीने दिलेल्या दिनदर्शिकेखाली, पारदर्शक प्लॅस्टिकच्या वेष्टनातील नियतकालिकांची एक चळत बहुधा असतेच. वेष्टनावर पत्त्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर नावाच्या वर सभासद-क्रमांक, आणि कोपऱ्यात टपालखात्याच्या सवलतीचा नोंदणीक्रमांक. काही वेष्टने फोडलेली, बरीचशी न फोडलेली. बोरिवलीच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत हीच चळत निराळ्या रंगाची असते. आपण संघटनेची वर्गणी भरतो म्हणून अंक आपल्या घरी येतो, असा प्रत्येक सभासदाचा समज असतो आणि पावतीवरून तो खोटाही ठरत नाही. परंतु वार्षिक अहवालाच्या अखेरीस, जेथवर सहसा कोणी पोहोचत नाही, त्या जमाखर्चाच्या पानावर नजर टाकली, तर कागद, छपाई, टपाल आणि संपादकीय कारकुनी यांचा खर्च एकीकडे व वर्गणीतून त्याच्या वाट्याला येणारी रक्कम दुसरीकडे, यांचा मेळ बहुधा बसत नाही. मधली तूट कोणीतरी तिसराच भरून काढीत असतो, आणि जेथे तूट जाऊन शिल्लक उरते, तेथे तर हा तिसरा मनुष्य अधिकच उदार असतो. त्याचा शोध घेत उपनगरांतून हिंडल्यास, व्यावसायिक संघटनांच्या प्रकाशनांविषयीच्या आपल्या पुष्कळशा कल्पना बदलतात.

हा प्रश्न मुंबईचा खास नव्हे. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले ते स्वतःच्या जबाबदारीवर, आणि त्यातून आपला संसार चालेल अशी त्याची आशा होती. ती फलद्रूप झाली नाही. १७५२ साली सोसायटीने ते नियतकालिक रीतसर आपल्या ताब्यात घेतले आणि त्यानंतर जवळजवळ दोन शतके ते तोट्यातच चालविले, कारण विद्येचा प्रसार हा खर्चाचा विषय आहे, मिळकतीचा नाही, याविषयी त्या मंडळींच्या मनात संशय नव्हता. चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. विद्यापीठांची ग्रंथालये वाढली, सरकारी पैसा संशोधनात ओतला जाऊ लागला, आणि ग्रंथपाल हा असा गिऱ्हाईक निघाला की ज्याला किंमत विचारण्याची सवय नव्हती. मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीने १९२१ साली बोस्टनचे एक जुने वैद्यकीय साप्ताहिक अवघ्या एका डॉलरला विकत घेतले. तेच पुढे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नावाने त्या संस्थेची सर्वांत मोठी दौलत ठरले. त्या दौलतीचा वापर कसा करावा यावरून १९९९ साली संस्थेचे आणि संपादक जेरोम कॅसिरर यांचे बिनसले. नियतकालिकाचे नाव संस्थेच्या इतर प्रकाशनांवर मिरवण्यास संपादकाचा विरोध होता, आणि जावे लागले ते संपादकाला. पैसा देणारे नियतकालिक आणि त्याची मालक संस्था यांच्यात तंटा उद्भवतो तेव्हा कोणाचे पारडे जड असते, हे त्या प्रसंगाने सर्व जगाला दाखवून दिले.

मुंबईत या कथेचा आरंभ निराळ्या रीतीने झाला. डॉ. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम १९४९ साली जगापुढे मांडला आणि त्याबद्दल १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळविले, ही गोष्ट सुविदित आहे. परंतु तो निबंध छापला गेला तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये, ही तिची दुसरी बाजू तितकीशी कोणी ध्यानात घेत नाही. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया ही संघटना १९४४ साली स्थापन झाली होती, पण तिचे आजचे नियतकालिक तेव्हा निघत नव्हते. ते पुढच्या दशकात आले. १९६९ साली याच संघटनेने वैद्यकशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक काढले आणि त्याचे प्रमुख संपादक होते डॉ. वकीलच. हिंदुस्थानातील रोग्यांना होणारे रोग, म्हणजे हिवताप, क्षय, कुष्ठ, विंचूदंश आणि सर्पदंश, यांना इंग्लंडहून येणाऱ्या ग्रंथांत चार ओळींची जागा मिळत असे; ती उणीव भरून काढणारा हा ग्रंथ ‘एपीआय’ या तीन अक्षरांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांत ओळखला गेला, आणि आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिली. लेखक सगळे संघटनेचेच सभासद. नियतकालिक वाचणाऱ्या डॉक्टरांपेक्षा पाठ्यपुस्तक विकत घेणारे विद्यार्थी संघटनेचा अधिक मोठा आधार होतात, आणि तेही असे विद्यार्थी की ज्यांपैकी बहुतेक त्या क्षणी संघटनेचे सभासदही नसतात, ही गोष्ट या एका ग्रंथाने शिकवली. तिसऱ्या मनुष्याची ही पहिली ओळख: परीक्षार्थी.

या परीक्षार्थ्याला भेटावयाचे तर विद्याविहार स्थानकावर उतरून किरोळ रोडने कोहिनूर सिटीकडे जावे. तेथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचे मुख्यालय आहे. १९२८ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ या नावाने स्थापन झालेली ही संस्था पुष्कळ वर्षे कफ परेडला होती आणि नंतर कुर्ल्यात आली. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर असलेली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही १९५५ ची संस्थाही अशीच वांद्रे-कुर्ला संकुलात स्थलांतरित झाली. जुन्या मुंबईचे चिटणीस आणि खजिनदार ज्या दगडी इमारतींत बसत, त्या सोडून व्यावसायिक संघटनांची दप्तरे उपनगरांत आली, आणि सभासद तर त्यांच्याआधीच तेथे राहावयास गेलेला होता.

बँकेतील नोकरदाराला ‘जेएआयआयबी’ आणि ‘सीएआयआयबी’ या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ मिळते, आणि बढतीच्या वेळीही त्यांचा उपयोग होतो. परीक्षा घेणारी संस्था हीच, अभ्यासक्रम ठरवणारी हीच, आणि त्या अभ्यासक्रमाची पुस्तके मॅकमिलनसारख्या प्रकाशकाच्या मदतीने सिद्ध करणारीही हीच. सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये, जेथे उभे राहण्यास जागा मिळाली तरी भाग्य मानावे, तेथे दरवाज्याजवळच्या पत्र्याला पाठ टेकवून, पिवळ्या पेनने ओळी रंगवलेले जाड पुस्तक डोळ्यांपुढे धरणारा तरुण दिसला, तर तो बहुधा कोणत्या तरी बँकेचा ‘प्रोबेशनरी’ असतो. याच संस्थेचे ‘बँक क्वेस्ट’ हे त्रैमासिक व्यासंगपूर्ण असते; परंतु लोकलमध्ये उभ्याने कोणी त्रैमासिक वाचल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. विमासंस्थेचीही तीच कथा. तिच्या पुस्तकांना नावाऐवजी क्रमांकाने ओळखतात, आणि विमा-प्रतिनिधी होऊ इच्छिणाऱ्याने वाचावयाची ‘आयसी ३८’ ही पुस्तिका मराठीतही उपलब्ध आहे. घाटकोपरची गृहिणी असो की मुलुंडचा निवृत्त शिक्षक, सनद मिळविण्यासाठी ती परीक्षा द्यावी लागते. ज्या पुस्तकावाचून अडते त्या पुस्तकाला जाहिरात लागत नाही, सवलत द्यावी लागत नाही, आणि समीक्षक तर मुळीच लागत नाही.

अंधेरी पश्चिमेस बर्फीवाला मार्गावरील स्थानिकराज भवन हे या मालिकेतील आणखी एक स्थान. तेथील, १९२६ साली स्थापन झालेल्या ‘अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था’ या शिक्षणसंस्थेने नगरपालिकांचे कारकून, स्वच्छता-निरीक्षक आणि अधिकारी यांच्या शिक्षणाचे काम चालविले आहे, आणि त्या शिक्षणास लागणारी पुस्तके व नियतकालिकही आपल्याच छत्राखाली काढले आहे. येथे परीक्षार्थी हा नगरपालिकेचा नोकर असतो. म्हणजे शेवटी पैसे बहुधा नगरवासीच भरतो.

चार्टर्ड अकाउंटंटांचे प्रकरण थोडे निराळे आहे, कारण त्यांना परीक्षा एकदाच द्यावी लागते आणि कायदा मात्र दरवर्षी बदलतो. बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी ही १९४९ ची संस्था; तिचे मासिक १९६९ पासून निघते, आणि त्यातील न्यायनिवाड्यांची टिपणे विद्वत्तेने भरलेली असतात. परंतु तिचे जे प्रकाशन अंधेरीच्या जे. बी. नगरपासून बोरिवलीच्या चंदावरकर लेनपर्यंतच्या कचेऱ्यांत टेबलावर खरोखर उघडे पडलेले असते, ते म्हणजे वार्षिक ‘रेफरन्सर’. करकपातीचे दर, विवरणपत्रांच्या मुदती, घसाऱ्याचे टक्के, मुद्रांकशुल्काचे कोष्टक, हे सारे एका ठिकाणी. कडांना चहाचे डाग, आणि जुलै महिन्यात पाने कोपऱ्यांपाशी वळलेली. मासिक वाचले नाही तर मनास रुखरुख लागते. मुदत चुकली तर अशिलाला दंड बसतो. या दोन भावनांपैकी कोणती मनुष्यास लवकर खिशात हात घालावयास लावते, हे सांगणे नको.

परंतु ज्यांना परीक्षा नाही आणि कोष्टकही नाही, अशा शुद्ध शास्त्रीय नियतकालिकांनी काय करावे? देशातील बहुतेक वैद्यकीय संघटनांपुढे १९९० नंतर हा प्रश्न उभा होता. अंक सहा-सहा महिने उशिरा निघत, परदेशांत ते पोहोचतच नसत, आणि संपादक बदलला की दप्तर एका गावाहून दुसऱ्या गावी ट्रंकेतून जाई. जाहिराती औषधकंपन्यांच्या, म्हणजे कंपनीच्या विक्री-व्यवस्थापकाची मर्जी फिरली की कागदाचे बिल थकले. या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत निघाले, आणि ते घाटकोपर पूर्वेस, लिंक रोडलगतच्या कनारा बिझनेस सेंटर नावाच्या एका व्यापारी इमारतीतून काही वर्षे चालविले गेले.

डॉ. डी. के. साहू हे बालरोगतज्ज्ञ. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या व के.ई.एम. रुग्णालयाच्या अध्यापकमंडळाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे १९५५ पासून चालत आलेले नियतकालिक संगणकावर आणण्याच्या कामाशी त्यांचा निकट संबंध होता. १९९७ साली त्यांनी ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था काढली. योजना अशी की, नियतकालिकाचा मजकूर इंटरनेटवर सर्वांना फुकट वाचू द्यावा, लेखकाकडूनही पैसे घेऊ नयेत, आणि छापील अंकाची वर्गणी, जाहिराती व लेखांच्या सुट्या प्रती यांवर खर्च भागवावा. मालकी संघटनेचीच, लेख स्वीकारण्याची, परीक्षकांकडे पाठवण्याची, मुद्रणाची आणि वितरणाची यातायात मात्र प्रकाशकाची. दूध फुकट वाटले तर विकत कोण घेईल, ही जी व्यवहारी माणसाची शंका, ती परळच्या नियतकालिकाच्या बाबतीत खोटी ठरली: फुकट वाचावयास मिळू लागल्यावर परदेशांतून लेख येऊ लागले, लेखांचे उल्लेख वाढले, आणि छापील अंकाची वर्गणी घटली नाही. त्या अनुभवावरील निष्कर्ष डॉ. साहू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली शिकागोच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेही. आज हे स्वाभाविक वाटते. तेव्हा लंडन-न्यूयॉर्कचे प्रकाशक जो प्रयोग करण्यास बिचकत होते, तो घाटकोपरात चालू होता, आणि त्याचे म्हणावे तसे कौतुक मराठी वृत्तपत्रांनी केल्याचे आठवत नाही.

मानसरोगतज्ज्ञांची, नेत्रतज्ज्ञांची, त्वचारोगतज्ज्ञांची अशी एकेका संघटनेची नियतकालिके त्या छत्राखाली आली आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. उपनगरी इमारतीतील एका कचेरीत अखिल भारतीय संघटनांच्या विद्वत्तेचे मुद्रणपूर्व संस्करण होत असे, ही घटना मला कोणत्याही उद्घाटनसमारंभापेक्षा महत्त्वाची वाटते. २०११ च्या डिसेंबरात वोल्टर्स क्लूवर या डच कंपनीने मेडनो विकत घेतली. कारभार मुंबईतच राहिला, पुढे कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावर गेला. संघटनांना मोठ्या जागतिक प्रकाशकाचे नाव मिळाले. मात्र आता करारनाम्याच्या दुसऱ्या बाजूस एक डॉक्टर-प्रकाशक नसून भागधारकांना जबाबदार असलेली कंपनी होती, आणि पुढील काळात अनेक नियतकालिकांनी लेखकाकडून शुल्क घेण्यास प्रारंभ केला.

येथे तिसऱ्या मनुष्याची दुसरी ओळख पटते: लेखक. मेडिकल कौन्सिलने वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातल्यावर, आणि इतर विद्याशाखांतही तसाच शिरस्ता पडल्यावर, वाचकापेक्षा लेखक अधिक गरजू झाला; आणि जो गरजू असतो त्याच्याकडून पैसे घेणे सोपे असते. मग केवळ पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांचे पेव फुटले. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला, तो लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल. प्रामाणिक संघटनेने लेखकाकडून वाजवी शुल्क घेण्यात गैर काही नाही, हे मान्य करूनही माझे मत असे आहे की, जी संघटना आपल्याच तरुण सभासदाकडून वर्गणी घेते, आणि त्याचा निबंध छापण्यासाठी पुन्हा त्याच्याकडूनच हशील वसूल करते, तिने ताळेबंदातील शिल्लक हे आपल्या कर्तबगारीचे प्रमाण मानू नये.

शिल्लक उरली की सरकार दारात येते. जुन्या आयकर कायद्याच्या कलम २(१५) मध्ये धर्मादाय उद्देशाची जी व्याख्या होती, तिला २००८ च्या वित्त कायद्याने एक परंतुक जोडले गेले: लोकोपयोगाचे सर्वसाधारण कार्य करणारी संस्था फी घेऊन व्यापारासारखे काही करू लागली, तर तिची करमाफी जाऊ शकते. त्या मिळकतीची मर्यादा प्रथम १० लाख, नंतर २५ लाख आणि २०१५ नंतर एकूण जमेच्या २० टक्के अशी बदलत गेली. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात या परंतुकाचा अर्थ लावला, आणि त्याच निवाड्यात ट्रिब्यून ट्रस्टच्या बाबतीत सांगितले की मोबदला घेऊन जाहिराती छापणे हा व्यवसायच होय. कित्येक संघटनांच्या खजिनदारांना त्या दिवशी आपल्या मुखपृष्ठाच्या चौथ्या पानाकडे नव्या नजरेने पाहावे लागले असेल. त्यात वस्तू-सेवा कराची गुंतागुंत निराळीच: छापील नियतकालिकावर कर नाही, त्यातील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के, आणि सभासदत्वाच्या वर्गणीवर, उलाढाल मर्यादेपलीकडे गेली असल्यास, १८ टक्के. एकच पावती फाडावी की दोन, हा प्रश्न उपनगरांतील अभ्यासमंडळांत चर्चेला यावा इतका तो चार्टर्ड अकाउंटंटांच्या आवडीचा आहे.

आता मराठीकडे वळले पाहिजे. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात मराठी विज्ञान परिषदेचे कार्यालय आहे. २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेची ‘पत्रिका’ अनेक दशके निघते आहे. तिचा वाचक निष्ठावंत आहे, लेखक विद्वान आहेत, संपादन नेटके आहे. परंतु या लेखात आतापर्यंत जे जे पैसे भरणारे भेटले, त्यांच्यापैकी तेथे कोणीही येत नाही. मराठीतून विज्ञान वाचल्याने बढती मिळत नाही, म्हणून परीक्षार्थी नाही. तो लेख बढतीच्या गणनेत धरला जात नाही, म्हणून शुल्क देणारा लेखक नाही. औषधकंपनीचे गिऱ्हाईक डॉक्टर. तिला मराठी वाचकाशी कर्तव्य नाही. उरतो तो वर्गणीदार आणि देणगीदार. सबंध उपनगरात असे एखादेच नियतकालिक सापडते, की ज्याचे पैसे खरोखर ते वाचणाराच भरतो, आणि नेमके तेच सर्वांत अधिक ओढगस्तीत असते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून आपण मराठी लोकांनी या तुटीवर वर्षातून एकदा जाहिरातींचा उतारा शोधला आहे; हा लेख ज्या अंकात आपण वाचीत आहा, त्याची पाने उलटली तर बँका, बिल्डर आणि दागिन्यांच्या पेढ्या आपले स्वागत करतीलच.

तरीही मराठी प्रकाशनातून मिळकत होतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोरिवली-कांदिवली-मुलुंडच्या प्रत्येक सोसायटीत चिटणीसाच्या कपाटात एक पातळसे पुस्तक असते: सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी. मुंबई जिल्हा सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनच्या कार्यालयात ते विकत मिळते. त्याचबरोबर भागप्रमाणपत्रे, नामनिर्देशनाचे अर्ज, ‘आय’ नमुन्याचे सभासद-रजिस्टर, ‘जे’ नमुन्याची यादी, इतिवृत्ताची वही. ‘हौसिंग टाइम्स’ नावाचे मासिकही आहे. फेडरेशन ही सोसायट्यांची संघटना. येथे सभासद म्हणजे इमारती, आणि वाचक म्हणजे पार्किंगच्या भांडणात नियम शोधणारा तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासी. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या सहकार कायद्यात फेरफार झाले आणि पाठोपाठ नवे आदर्श उपविधी आले, तेव्हा प्रत्येक सोसायटीला सर्वसाधारण सभा बोलावून ते मंजूर करावे लागले; म्हणजेच प्रत्येक सोसायटीला ते विकत घ्यावे लागले. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले, आणि कपाटांतील प्रती पुन्हा जुन्या झाल्या.

बाजारात या पुस्तकाच्या खाजगी प्रकाशकांनी काढलेल्या आवृत्त्याही आहेत, कोणाची छपाई अधिक सुबक, कोणाच्या शेवटी नमुना-पत्रे अधिक. परंतु चिटणीस सहसा फेडरेशनचीच प्रत मागतो, कारण उपनिबंधकाच्या कार्यालयात ती दाखवली की वाद होत नाही असा त्याचा अनुभव असतो.